रॉबिन्सन क्रूसो पुन्हा वाचताना: फळी, मडकं आणि वाळूतलं पाऊल

उंबरठा

शाळेत असताना रॉबिन्सन क्रूसो वाचला होता तो पातळ, चित्रांचा, मराठीत आणलेला. जहाज फुटतं, एकटा माणूस बेटाला लागतो, बकऱ्या, पोपट, फ्रायडे आणि शेवटी घरी. दोन दुपारींत संपला होता. आता पन्नाशी उलटल्यावर मूळ इंग्रजी पुस्तक पहिल्यांदा अथपासून इतिपर्यंत वाचलं आणि महिना झाला तरी ते डोक्यातून जात नाही. म्हणून हा धागा.

पुस्तक लंडनमध्ये २५ एप्रिल १७१९ ला निघालं. डॅनियल डीफो तेव्हा साठीला टेकला होता. पहिल्या पानावर त्याचं नाव नव्हतंच. यॉर्कचा खलाशी रॉबिन्सन क्रूसो याचं हे चरित्र त्याने स्वतःच लिहिलं आहे, असं छापलं होतं. त्याच वर्षात चार वेळा छापावं लागलं. म्हणजे तीनशे वर्षं उलटून गेली आणि अजून कुणी ना कुणी ते वाचतंय.

का वाचतंय, याचं नेहमीचं उत्तर म्हणजे साहस, नाहीतर एकांताची ओढ. मला दोन्ही पटत नाहीत. समुद्र आणि वादळ पहिल्या काही प्रकरणांत आटोपतं. एकांताबद्दल तो बोलतो, पण पानंच्या पानं भरतो ती कशाने? कामाने. एखादी वस्तू नसते, ती हवी असते, आणि ती कशी झाली हे तो सांगत बसतो. फसली तर कशी फसली तेही सांगतो. मला वाटतं हे पुस्तक टिकलंय ते याच्यावर.

एक उदाहरण देते. गुहेत सामान ठेवायला त्याला एक लांब फळी हवी असते. करवतीने लाकूड चिरायची सोय नाही. मग तो आख्खं झाड पाडतो, खोड आडवं करून दोन्ही बाजूंनी कुऱ्हाडीने तासत तासत पातळ करतो आणि वाकसाने गुळगुळीत करतो. एका झाडातून एकच फळी! दिवस किती गेले? ४२. आणि लगेच तो सांगतो की लाकूड चिरणारी दोन माणसं अवजारं घेऊन बसली असती तर याच झाडातून अर्ध्या दिवसात सहा फळ्या निघाल्या असत्या.

माझे वडील सुतार. सांगली जिल्ह्यातल्या गावात त्यांनी चाळीस वर्षं रंधा मारला. आता नजर गेलीय, अक्षर दिसत नाही. संध्याकाळी मी त्यांना हे पुस्तक मराठीत सांगत सांगत वाचून दाखवते. जहाजावरच्या सुताराची पेटी क्रूसोला मिळते आणि तो म्हणतो की त्या वेळी सोन्याने भरलेलं जहाजही मला याहून मोलाचं नव्हतं, तेव्हा अण्णा नुसते "बरोबर" म्हणाले. फळीच्या पानावर मात्र त्यांनी मला थांबवलं. बेचाळीस दिवस हा आकडा ऐकून ते गप्प बसले, मग विचारलं, "एवढं तासलं तर कुऱ्हाड बोथट होणार. धार कशावर लावली त्यानं?"

मला उत्तर देता आलं नाही. वाचताना ते कुठेतरी येऊन गेलं असणार, पण चाळूनही सापडेना. कुणाला आठवत असेल तर सांगा. अण्णा रोज विचारतात.

---

जिरायती

उंबरठाताई, धार लावल्याचं मला आठवत नाही, पण तुमच्या म्हणण्याला माझ्याकडून दुजोरा.

मी मराठवाड्यात कोरडवाहू शेती करतो. मला या पुस्तकाने धरलं ते बियाण्याच्या जागी. कोंबड्यांच्या दाण्याची एक पिशवी असते, उंदरांनी खाल्लेली. राहिलेला भुसा तो गुहेजवळ झटकून टाकतो आणि विसरतो. पावसानंतर तिथे बार्लीची दहाबारा कणसं उभी! आधी त्याला वाटतं देवानेच चमत्कार केला. मग पिशवी झटकल्याचं आठवतं आणि नवल ओसरतं. थोडी भाताचीही रोपं निघतात.

आता पुढचं बघा. ते दाणे तो जपून ठेवतो आणि पेरायच्या वेळी हिशेबाने सगळे पेरत नाही. अंदाजे तीनातले दोन भाग पेरतो, मूठभर मागे ठेवतो. आणि पेरणी चुकते. पुढे कोरडे महिने लागतात, एक दाणा उगवत नाही. ते राखून ठेवलेलं मूठभर बी तो ओल बघून फेब्रुवारीत टाकतो आणि ते साधतं. आम्ही याला दुबार पेरणी म्हणतो. दुबार पेरणी ज्याच्या नशिबाला आलीय त्यालाच कळेल की घरात बी शिल्लक असणं म्हणजे काय. माझ्या आजीच्या कणगीतलं बियाणं उपास पडले तरी कुणी हात लावायचा नाही, असा दंडक होता.

नंतर तो वर्षाचा तक्ता मांडतो. अर्ध्या फेब्रुवारीपासून अर्ध्या एप्रिलपर्यंत पाऊस, मग अर्ध्या ऑगस्टपर्यंत कोरडं, मग अर्ध्या ऑक्टोबरपर्यंत परत पाऊस, मग परत कोरडं. पंचांग नाही, विचारायला म्हातारं माणूस नाही. एक पेरणी घालवून त्याने आपली नक्षत्रं स्वतः शोधली. आणि त्या धान्यातला दाणा तोंडात कधी घातला? चौथ्या वर्षी. तोवर सगळं बियाण्यालाच. हे वाचून मी पुस्तक खाली ठेवलं आणि बाहेर जाऊन बसलो.

---

गणिती_मन

सुंदर धागा. दोन बारीक गोष्टी, पुस्तकावरच्या प्रेमापोटीच सांगतो.

तो ३० सप्टेंबर १६५९ ला बेटावर येतो, १९ डिसेंबर १६८६ ला सोडतो आणि म्हणतो २८ वर्षं, २ महिने, १९ दिवस राहिलो. वजाबाकी करून बघा, २७ वर्षं येतात. दुसरं, जहाजाकडे पोहत जाताना तो कपडे काढून ठेवतो आणि जहाजावर गेल्यावर खिसे बिस्किटांनी भरतो. पहिल्या वाचकांनीच हे पकडलं होतं.

इतक्या चुका असूनही त्याचं खरं का वाटतं, हा मला पडणारा प्रश्न. मला वाटतं आकड्यांमुळेच. खोटं सांगणारा माणूस मोघम बोलतो. हा बेचाळीस दिवस म्हणतो, तेरा दिवसांत अकरा फेऱ्या म्हणतो. शाई संपत आली तर पाणी घालून घालून वाढवतो आणि शेवटी रोजनिशीच थांबते. एवढं सांगणाऱ्यावर आपण विश्वास टाकतो.

---

कोरा_कागद

सगळे प्रतिसाद वाचले. कामाचं जे लिहिलंय ते मनाला भिडलं. पण एक गोष्ट बोलल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही.

क्रूसो त्या जहाजावर का होता? ब्राझीलमध्ये त्याचा मळा होता, मळ्याला राबायला माणसं हवी होती आणि तो आफ्रिकेत गिनीच्या किनाऱ्यावर गुलाम आणायला निघाला होता. हे लहान मुलांच्या आवृत्त्यांत बहुतेक गाळतात. त्याच्याही आधी तो स्वतः मोरोक्कोतल्या साले बंदरात मूर, म्हणजे उत्तर आफ्रिकेतल्या मुसलमान लोकांचा गुलाम होता. झूरी नावाच्या पोराला घेऊन तो होडीतून पळाला. किनाऱ्यावर उतरायची वेळ आली तेव्हा ते पोर म्हणालं, रानटी माणसं आली तर मला खातील, तुम्ही निघून जा. त्या पोराला त्याने पुढे पोर्तुगीज कप्तानाला चांदीच्या ६० नाण्यांना दिलं. नंतर झूरीला सोडल्याची हळहळ त्याला वाटते, पण कधी? मळ्यात हात कमी पडतात तेव्हा.

मग फ्रायडे. पंचविसेक वर्षांनी पहिला माणूस भेटतो आणि क्रूसो त्याला नाव विचारत नाही. ज्या वारी त्याचा जीव वाचला त्या वाराचं नाव ठेवतो आणि स्वतःला 'मालक' म्हणायला शिकवतो. माझी आजी मुंबईत एका घरी वीस वर्षं धुणीभांडी करत होती. तिचं नाव त्या घरच्या सुनेचंही नाव होतं, म्हणून त्यांनी हिला दुसऱ्याच नावाने हाक मारली, वीस वर्षं. ते नाव घरी कुणी चुकून घेतलं तर आजी उठून आत जायची. म्हणून मला ते पान साधं वाटत नाही.

आणि कष्टाचंच म्हणाल तर शेवटी क्रूसो श्रीमंत होतो तो बेटावरच्या बार्लीने नाही. तो नसताना ब्राझीलचा मळा चालू राहतो, दुसऱ्यांच्या पाठीवर. परत आल्यावर त्याच्या हातात पाच हजार पौंडांहून जास्त रोकड येते आणि मळ्याचं वर्षाला हजार पौंडांचं उत्पन्न. ४२ दिवसांची फळी त्याने लिहून ठेवली. त्या मळ्यावरच्या लोकांचे दिवस कुणी मोजले?

पुस्तक जाळा असं मी म्हणत नाही. सेंट लुशियाचा कवी डेरेक वॉलकॉट आयुष्यभर क्रूसोकडे परत परत आला. दक्षिण आफ्रिकेचा लेखक कूट्सी याने १९८६ च्या कादंबरीत फ्रायडेची जीभच कापलेली दाखवली. वाचायचंच, पण असं.

---

डोलकाठी

कोरा_कागद, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. आजीचं वाचून पोटात कालवलं.

मी रत्नागिरीकडचा, अठरा वर्षं व्यापारी जहाजांवर आहे. या गोष्टीच्या मागे एक खरा माणूस होता असं मानतात, त्याच्याबद्दल थोडं लिहितो. अलेक्झांडर सेलकर्क, स्कॉटलंडच्या लोअर लार्गो गावचा. १७०४ मध्ये चिलीच्या पश्चिमेला हुआन फर्नांडिस बेटांवर त्याचं कप्तानाशी भांडण झालं. जहाज गळतंय, यातून मी येत नाही, असं त्याचं म्हणणं. कप्तानाने त्याला तिथेच उतरवलं. जहाज खरंच पुढे बुडालं, म्हणजे खलाशाचा अंदाज बरोबर होता. चार वर्षं चार महिन्यांनी, फेब्रुवारी १७०९ मध्ये इंग्रज कप्तान वुड्स रॉजर्सच्या जहाजांनी त्याला उचललं. अंगावर बकऱ्यांची कातडी. रात्री उंदीर पाय कुरतडायचे म्हणून त्याने मांजरं माणसाळवली होती. आणि त्याचं बोलणं नीट समजेना, कारण वापराविना तो शब्द अर्धेच उच्चारत होता.

डीफोने बेट उचलून दुसऱ्या महासागरात, दक्षिण अमेरिकेतल्या ओरिनोको नदीच्या मुखाजवळ नेलं आणि चार वर्षांची अठ्ठावीस केली. चिलीने मात्र १९६६ मध्ये सेलकर्कच्या बेटालाच रॉबिन्सन क्रूसोचं नाव दिलं. सेलकर्कचं नाव बाजूच्या, जिथे तो कधी राहिला नाही त्या बेटाला गेलं.

अर्ध्या शब्दांचं मला फार लागलं, कारण ते मी बघितलंय. २०२० मध्ये बंदरं बंद झाली, खलाशांची अदलाबदल थांबली. माझा करार संपल्यावरही मी पाच महिने जहाजावरच होतो. वीसेक माणसं होतो, तरी जेवणाच्या टेबलावर शब्द कमी कमी होत गेले. घरी फोन लागला की काय बोलावं सुचायचं नाही. बायको म्हणायची, नुसते हुंकार देताय. तेव्हा मी हेच पुस्तक मोबाइलवर वाचत होतो.

क्रूसोला बेटावर पंधराव्या वर्षी वाळूत उघडं पाऊल दिसतं. एकच. पंधरा वर्षं माणसासाठी तडफडलेला माणूस ते पाऊल बघून आनंदाने नाचत नाही, घाबरून गुहेकडे पळत सुटतो, दर झुडपामागे त्याला माणूस दिसतो, रात्रभर झोप नाही. लोकांना हे विचित्र वाटतं. मला नाही वाटलं. त्या पाच महिन्यांनंतर मुंबई विमानतळाच्या गर्दीत मी भिंतीला टेकून उभा राहिलो होतो. पाय पुढे टाकवेना.

---

उंबरठा

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. इतकं येईल असं वाटलं नव्हतं.

कोरा_कागद, तुमचं बरोबर आहे आणि माझ्या मूळ लेखात ते यायला हवं होतं. मी कामाचं कौतुक करताना फक्त बेटावरचं काम बघितलं. झूरीचं पान अण्णांना वाचून दाखवलं तेव्हा ते म्हणाले होते, "पोरगं जीव द्यायला निघालं होतं त्याच्यासाठी." त्यानंतर त्या दिवशी वाचन झालं नाही. ते मी इथे लिहिलं नाही, कारण माझ्या मुद्द्यात ते बसत नव्हतं. आता लिहिते.

आणि मला वाटतं फ्रायडे आल्यावर पुस्तकाची लय बदलते ती याचमुळे. तोवर क्रूसोला प्रत्येक वस्तूची किंमत आपल्या दिवसांत मोजावी लागते. मग दुसरे हात मिळतात आणि ते मोजणं हळूहळू थांबतं. तो भाग मला पुन्हा वाचावासा वाटत नाही. पहिला भाग वाटतो.

---

चाकावरची_माती

उशिरा आले. आमचं माहेर कुंभाराचं, म्हणून मडक्याबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही.

क्रूसोला भांडं हवं असतं. किती प्रकारे फसतो ते त्याने सगळं दिलंय. माती पुरेशी घट्ट नाही म्हणून बसते, कडक उन्हात लवकर ठेवली म्हणून तडकते, सुकायच्या आधी हलवली म्हणून ढासळते. दोन महिन्यांच्या खटपटीनंतर दोन मोठी वेडीवाकडी भांडी होतात. ती कोरडं धान्य ठेवायला चालतात, पण पाणी धरत नाहीत. मग एक दिवस चुलीतल्या विस्तवात फुटक्या भांड्याचा तुकडा सापडतो, दगडासारखा कडक, कौलासारखा लाल. तुकडा भाजतो तर आख्खं भांडं का भाजणार नाही?

पुढचं पान वाचून मी माझ्या काकांना फोन केला. तो भांडी एकावर एक रचतो, भोवती लाकडं लावतो, आतून लालभडक होईपर्यंत आच देतो. एका भांड्यातली वाळू वितळून ते ओघळायला लागतं. मग तो आग हळूहळू कमी करतो आणि ती एकदम उतरू नये म्हणून रात्रभर जागत बसतो. काका म्हणाले, "हे पुस्तकात वाचून लिहिलेलं नाही. आव्याजवळ बसलेल्या माणसाचं आहे." आवा एकदम थंड झाला की भांडी जातात, हे आमच्याकडे लहान पोरालाही माहीत असतं. आवा लागलेल्या रात्री आमच्याकडेही कुणीतरी जागं असायचंच.

सकाळी त्याला तीन चांगली भांडी मिळतात. देखणी म्हणत नाही, असं तो स्वतःच म्हणतो. ती पुरती थंड व्हायच्या आधीच एकात पाणी आणि करडाचं मांस घालून परत विस्तवावर! ती घाई किती खरी आहे.

---

गणिती_मन

चाकावरची_माती, काका बरोबर बोलले. डीफोचा टिलबरीला विटा आणि कौलांचा कारखाना होता. १७०३ मध्ये एका राजकीय पत्रकावरून त्याला तुरुंगात टाकलं, खोड्यात उभं केलं, आणि त्यात तो कारखाना गेला. त्याच्या आधी १६९२ मध्ये व्यापारात दिवाळं निघालंच होतं. भट्टी आणि जमाखर्च, दोन्ही त्याने आयुष्यात बघितलेले. क्रूसो बेटावर आपल्या नशिबाचे दोन रकाने आखून वाईट एकीकडे, चांगलं दुसरीकडे मांडतो, ते दिवाळखोराचंच बसून केलेलं काम वाटतं मला. साठीला आलेला, दोनदा बुडालेला माणूस लिहितोय की सगळं गेल्यावर काय काय उरलं.

---

तिसरा_मजला

मी इथे वाचते, लिहीत नाही फारशी. वय ७४. मुलगा आणि मुलगी दोघंही परदेशात. पुण्यात एकटी राहते. आनंदात राहते, काळजी नको.

मला त्या पुस्तकातला पोपट आठवतो. क्रूसो होडी घेऊन बेटाला वळसा घालायला निघतो आणि प्रवाह त्याला समुद्रात ओढून नेतो. आता परत येत नाही असं वाटत असताना कसाबसा किनाऱ्याला लागतो, दमून आपल्या आतल्या बाजूच्या कुटीत झोपतो. अर्धवट झोपेत कुणीतरी नावाने हाक मारतं. "रॉबिन क्रूसो, बिचारा रॉबिन क्रूसो, कुठे आहेस तू? कुठे होतास?" तो दचकून उठतो तर कुंपणावर त्याचा पोपट. त्यानेच शिकवलेले शब्द. कितीतरी वर्षांत त्याला कुणी नावाने हाक मारलेली नसते, आणि मारली ती त्याच्याच शब्दांत.

हे गेल्यानंतर घरात माझं नाव मोठ्याने कुणी घेत नाही. फोनवर आई, आजी, काकू. डॉक्टरकडे आडनाव. तुमचा धागा वाचून काल माझ्या शाळेतल्या मैत्रिणीला फोन लावला. तिने नावाने हाक मारली.

---

जिरायती

उंबरठाताई, अण्णांचं उत्तर सापडलं! काल रात्री विजेचा पंप चालू होता, पाणी द्यायला जागाच होतो, पहिल्यापासून पुन्हा वाचत बसलो.

पहिल्याच वर्षीच्या एप्रिलमधल्या नोंदीत आहे. कुऱ्हाडी भरपूर, पण गाठीच्या कडक लाकडावर चालवून चालवून सगळ्यांना दाते पडलेले. धारेचा गोल दगड जहाजावरून आणलेला होता. अडचण अशी की एकट्याने दगड फिरवायचा आणि धारही लावायची, हात पुरणार कसे? तो म्हणतो, एवढा विचार मी केला जेवढा एखादा मुत्सद्दी राजकारणाच्या मोठ्या प्रश्नावर करेल. शेवटी दोरी लावून एक चाक केलं, पायाने फिरवायचं, म्हणजे दोन्ही हात मोकळे. त्याला आठवडा गेला. आणि टीप म्हणून लिहितो की इंग्लंडमध्ये असं काही मी पाहिलं नव्हतं, निदान लक्ष देऊन तरी नाही. नंतर कळलं की तिकडे ते सर्रास असतं.

---

उंबरठा

जिरायती, तुमचे आभार कसे मानू.

आज संध्याकाळी वाचून दाखवलं. अण्णांनी पायाने चाक फिरवायचं ऐकलं आणि त्यांचा उजवा पाय खुर्चीखाली हलायला लागला, खालीवर, खालीवर. म्हणाले, "म्हणजे आपला धारवाला. सायकलवरचा." आमच्या गल्लीत यायचा तो, सायकल स्टँडला लावून पायडल मारायचा, पट्ट्यावर दगड फिरायचा आणि ठिणग्या उडायच्या. अण्णा त्याच्याकडे पटाशी कधी देत नसत, ती स्वतः निसण्यावर लावत. पण कुऱ्हाड द्यायचे.

मग बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटलं डोळा लागला. तर म्हणाले, "आठवड्यात केलं म्हणजे हुशार होता. पुढचं वाच."

उद्यापासून मडकं.